तंबूतला मंगळ

जेवणं उरकलीत. भांडी मोरीत पडलीत, पडू देत. आतल्या खोलीत चटई टाकून मी कुशीवर होते. डोळे लगेच मिटतात. कान मिटत नाहीत.

बाहेर टीव्ही चालू आहे. सकाळपासून एकच चाललंय, आपलं यान मंगळापाशी पोचलं, पहिल्याच झटक्यात पोचलं. समोरच्या मास्तरांनी गल्लीभर पेढे वाटले. आमच्या दारातही आले. माझ्या लेकीनं, सुनंदानं, पेढा घेतला, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. फोन तासगावचा होता.

तासगावची म्हणजे कल्याणीला, माझ्या नातीला, बघून गेलेली मंडळी. पितृपक्ष चालू होता म्हणून थांबली होती. सुनंदा आणि कल्याणी सर्वपित्रीसाठी सांगलीहून माझ्याकडे विट्याला आल्यात. काल सर्वपित्री झाली, आज त्यांनी कळवलं. मुलगी पसंत आहे, शिक्षण पसंत आहे, नोकरी पसंत आहे. पण पत्रिकेत मंगळ आहे, आणि तोही कडक. त्याचं आधी काहीतरी करून घ्या म्हणाले, मग पुढचं बोलू.

फोन ठेवला तेव्हा पेढा सुनंदाच्या मुठीत चुरडला होता.

"कुंभविवाह करून टाकू," जेवताना ती म्हणाली. "गुरुजींशी बोलले मी. घरातल्या घरात उरकतो. कुणाला कळायचं कारण नाही."

म्हणजे आधी पोरीचं लग्न मडक्याशी लावायचं. मग मडकं फोडायचं. पोरीच्या मंगळानं नवरा मरणार असेल तर तो मडक्याच्या रूपानं एकदा मरून जातो, आणि पोर दुसऱ्या लग्नाला मोकळी होते.

कल्याणी ताटात बघत भात कालवत राहिली. मी म्हटलं, "सुनंदा, अगं ही पोर बँकेत काम करते."

"आई, तू नको बोलूस ह्यात. तू तरी नको."

ते 'तू तरी' माझ्या घशात अडकलंय. वर तांब्याभर पाणी प्याले, तरी खाली जात नाही.

बाहेर टीव्हीवरचा माणूस म्हणतोय, लाल ग्रह. लाल ग्रह. डोक्यावर पंखा फिरतोय तसा तो शब्द फिरतोय. फिरता फिरता त्याला खरखर सुटते, कर्ण्यातून आल्यासारखी, आणि तो माणूस गळा ताणून ओरडायला लागतो, "या, या, या! मंगळावरचा माणूस! जिवंत माणूस! बोलतो, चालतो, डोळे फिरवतो! लहान पोरं पोटाशी धरा!"

हा टीव्ही नाही. हा आप्पाशेठ आहे, जत्रेतला खेळवाला.

पंख्याच्या जागी तंबूचं कापड दिसतंय. त्यावरची ठिगळं माझ्या हातची आहेत. ऊन ठिगळांतून कमी येतं आणि बाकीच्या कापडातून जास्त, त्यामुळं जमिनीवर चौकोन पडलेत. कोपऱ्यात लोखंडी ट्रंक आहे आणि ट्रंकेवर हे बसलेत. पाय हलवतायत. त्यांचे पाय ट्रंकेवरून कधी जमिनीला पोचले नाहीत.

मुरलीधर खांडके. माझे मालक. सुनंदाला नीट चालता येत नव्हतं तेव्हा गेले.

"जेवलीस?" ते विचारतात.

"जेवले. तुम्ही?"

"काल पान ठेवलं होतंस की. कावळ्यानं वडा आधीच पळवला. मला भात मिळाला."

"खीर?"

"खिरीत मुंग्या होत्या."

मला हसू येतं, आणि हसताना कळतं की मी त्यांच्या तोंडाकडे बघत नाहीये. मग बघते. तोंड स्वच्छ आहे. कानामागं, नाकाच्या कडेला, कुठंही रंग नाही. जिवंत होते तेव्हा असं तोंड मी फार थोडे दिवस बघितलं.

ज्यांनी त्या काळातल्या जत्रा बघितल्या नाहीत त्यांना सांगायला हवं. जत्रेत पाळणे असायचे, मोटरसायकलवाल्यांची विहीर असायची, आणि कापडी तंबूंतून काय काय दाखवायचे. माणूस चंद्रावर गेला त्याच्या पुढच्या वर्षी आप्पाशेठनं नवा खेळ काढला. आपण चंद्रावर गेलो, तर मंगळावरचा माणूस आपल्याकडं का येऊ नये? त्यासाठी त्याला कुणीतरी वेगळं दिसणारं हवं होतं. हे त्याच्या कंपनीत आधी पडदे ओढायचे. उंचीनं माझ्या कमरेएवढे, पण डोकं, छाती भरलेली, आवाज खणखणीत. आप्पाशेठनं त्यांना तेलात कालवलेला तांबडा रंग फासला, रेक्झिनचा अंगाबरोबर शिवलेला पोशाख घातला, आणि डोक्यावर पत्र्याची टोपी चढवली. टोपीला सायकलच्या दोन तारा लावल्या होत्या. चाकातल्या.

तो पोशाख शिवायला विट्यात आला, आमच्या दुकानात. माझे वडील शिंपी.

"माप घे," हे ट्रंकेवरून म्हणतात, आणि उतरतात. ट्रंक नाही, दुकानातला लाकडी पाट आहे. भिंतीला कोटाच्या मापाचे कागद टांगलेत. वडील मशीनवर पाठमोरे बसलेत आणि मागं वळत नाहीत. माझ्या गळ्यात टेप आहे.

"घेतलंय की एकदा."

"पुन्हा घे. तेवढंच बरं वाटतं."

मी गुडघ्यावर बसते. ह्यांचं माप घ्यायला कुणी गुडघ्यावर बसत नसे. उभं राहून वरूनच टेप सोडायचे, पोराचं घेतात तसं. मी बसले होते, एवढंच. आमच्यात जे काही सुरू झालं ते तिथून.

"खांदा," ते म्हणतात.

"गप उभे राहा."

दुकानाच्या पायरीवर माणसं येतात आणि जातात. मला ती ओळखू येतात. मला बघायला आलेली स्थळं. कुणी चहा पिऊन गेलं, कुणी चहाआधी. माझ्या पत्रिकेतला मंगळ असा की गुरुजी कागद उलगडायचे आणि पुन्हा घडी घालायचे. वडिलांनी देवळं केली. आईनं मंगळवार धरले. सगळ्यांचं एकच, हिला मंगळाचाच नवरा हवा, नाहीतर नवऱ्याला खाईल. मी तेव्हा एका बैठकीत परकरपोलकं शिवत होते आणि मला पोळीसुद्धा दीड खपत नव्हती.

पायरीवर आता गुरुजी बसलेत. मांडीवर कागद घेऊन लिहितायत. ह्यांचे वडील समोर उभे आहेत.

"पोराची जन्मवेळ काय?" गुरुजी विचारतात.

"ते कुणी बघितलंय? बाळ बघून सुईण घाबरली. आम्ही सगळे घाबरलो."

"मग वेळ कोणती धरू?"

"मंगळ येईल अशी धरा."

गुरुजी लिहितात. असं आमचं जुळलं. दोन्हीकडं मंगळ, म्हणजे काटाकाट. लग्नात जेवायला आलेले मांडवाबाहेर जाऊन हसले. मी ते ऐकलं. ह्यांनीही ऐकलं, आणि पंक्तीत मुद्दाम पुन्हा पुन्हा जिलबी मागत राहिले.

"मला तेव्हा ठाऊक नव्हतं," मी म्हणते. "तुमची पत्रिका बनवलेली आहे ते."

"मी सांगितलं की."

"लग्न झाल्यावर."

"आधी सांगितलं असतं तर केलं असतंस?"

"केलं असतं."

ते माझ्याकडे बघत राहतात. वडिलांचं मशीन थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. आता त्याचा आवाज गर्दीच्या आवाजासारखा आहे. टेप माझ्या हातातून निसटते. मी ती उचलायला वाकते तर खाली माती आहे, तंबूतली तुडवलेली माती, आणि समोर माणसंच माणसं.

हे खुर्चीवर बसलेत, रंगात, टोपीत. आप्पाशेठ बाजूला छडी घेऊन उभा आहे.

"विचारा, विचारा! मंगळावरच्या माणसाला काहीही विचारा!"

"तिथं पाऊस पडतो का रं?" एक फेटेवाला विचारतो.

आप्पाशेठ ह्यांच्या कानाशी लागतो. हे गंभीरपणे म्हणतात, "तडप हीना."

"पडत नाही म्हणतो!" आप्पाशेठ ओरडतो.

"मग खातात काय?"

"रीकभा."

तंबूभर हशा. कुणाला कळत नाही की ही आपलीच भाषा आहे, शब्द फक्त उलटे केलेत. आम्ही दोघांनी एका मुक्कामात चुलीपुढं बसून ती बनवली होती. मला ते नलशा म्हणायचे. शालनचं नलशा. तेवढं एकच नाव मला कुणी प्रेमानं ठेवलेलं.

"तिथं बायका असतात का?" मागून एकजण ओरडतो. हे तारा हलवून मान डोलावतात. "किती?" पुन्हा हशा. एक म्हातारी पुढं येते आणि कुणालाही न विचारता ह्यांच्या पायावर डोकं ठेवते. "देवा, माझ्या नातीवरची नजर काढ."

मी तंबूच्या मागच्या कापडाआडून बघतेय, तेव्हा बघायची तशी. हे त्या म्हातारीचं डोकं हातानं उचलतात. तांबड्या रंगाची पाच बोटं तिच्या पांढऱ्या केसांवर उमटतात.

"ही पहिली," ते माझ्या शेजारून म्हणतात. खुर्चीवर आहेत आणि शेजारीही आहेत. "हिला बघूनच आप्पाशेठच्या डोक्यात आलं."

"नाही. ते नंतर. पेपरात फोटो आला तेव्हा."

"हां. फोटो."

फोटो मला आठवतो. कुठल्या तरी देशाचं यंत्र मंगळावर उतरलं आणि त्यानं पाठवलेला फोटो पेपरात आला. दगड. नुसते दगड आणि लांबवर काही नाही. पुढच्या जत्रेत एक शाळामास्तर पेपर घेऊन तंबूत आले आणि सगळ्यांसमोर तो उघडून म्हणाले, "मंगळावर कुणी नाही. हा बघा पुरावा. हा बिचारा आपल्यातलाच आहे." मग कुणीतरी चप्पल फेकली. ती आप्पाशेठला नाही लागली. ह्यांना लागली.

"मास्तर खरं बोलले," मी म्हणते.

"खरंच बोलले. पण चप्पल मला लागली."

त्यानंतर आप्पाशेठनं पाटी बदलली. मंगळावर माणूस नसेल, पण पत्रिकेत मंगळ आहे की. नव्या पाटीवर रंगवलं, कडक मंगळाची शांती, साक्षात मंगळपुरुषाच्या हस्ते. मग आयांची रांग लागली. मागं त्यांच्या पोरी, पदरानं तोंड झाकलेल्या. मी त्यांना कापडाआडून बघायची. ज्या पायरीवर माझी स्थळं येऊन गेली त्याच पायरीवर बसलेल्या वाटायच्या मला त्या.

ह्यांनी नाही म्हटलं. आप्पाशेठ म्हणाला, मग जा, बघू तुला दुसरं कोण काम देतं. सुनंदा दुधावर होती. हे खुर्चीवर बसले.

पण त्यांनी शांती केलीच नाही. पोर समोर आली की ते उलटी भाषा टाकून सरळ मराठीत म्हणायचे, "मी तिथलाच आहे. तिथं कुणाला हिचं नाव ठाऊक नाही. कुणी हिच्या वाटेवर बसलेलं नाही. लग्न करा जावा."

काही आया रडायच्या. काही भांडायच्या, शांतीसाठी आलो आणि शांती केली नाही म्हणून. एक पोर हसली होती. पदर खाली करून चांगली खळखळून हसली, आणि आईनं तिला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"ती हसली ते मला फार आवडलं," हे म्हणतात.

"त्यापायीच आप्पाशेठ बिथरला."

"हो."

तंबूत ऊन वाढतं. ठिगळांचे चौकोन पुसले जातात, सगळीकडं सारखंच पांढरं होतं. मला कळतं की हा कुठला दिवस आहे. चैत्र. माणदेशातली जत्रा, झाडाचं नाव नाही. त्या दिवशी सुनंदाला गोवर होता आणि मी तिला घेऊन गावातल्या धर्मशाळेत होते. मी इथं नव्हते. पण आता आहे. मला रांगेत उभं केलंय, आयांच्या आणि पोरींच्या मध्ये. मी पुढं घुसायला बघते. पाय मातीत शिवल्यासारखे आहेत.

"अहो, टोपी काढा," मी ओरडते. "पोशाख काढा!"

"हूक मागं आहेत," ते शांतपणे म्हणतात. ते माझ्या बाजूलाच उभे आहेत, स्वच्छ तोंडाचे, आणि माझ्यासारखेच मान उंचावून आत बघतायत. "मला पोचत नाहीत. आप्पाशेठनं सगळ्यांना बजावलंय, खेळ संपेपर्यंत कुणी हूक काढायचे नाहीत. बाहेर पडला तर पुन्हा कुणाला तरी शहाणपण शिकवेल म्हणाला."

"पाणी तरी."

"मागितलं. दोनदा सरळ मागितलं, एकदा उलटं. उलटं मागितल्यावर लोक हसले."

खुर्चीवरची मान हळूहळू कलते. टोपीच्या तारा पुढं झुकतात. हात मांडीवरून घसरतो आणि लोंबकळत राहतो. आप्पाशेठ जवळ जातो, गालाला हात लावतो, आणि मी त्याचा चेहरा बघते. त्याला कळलंय. त्याला त्याच क्षणी कळलंय. तो रांगेकडं बघतो. रांग तंबूबाहेर पाळण्यापर्यंत गेलीय.

मग तो कर्णा उचलतो. "या, या! मंगळावरचा माणूस निजलाय! निजलेला मंगळपुरुष बघा! पाया पडा, आवाज करू नका!"

लोक पुढं सरकतात. पाया पडतात. कुणी हळद टाकतं, कुणी खोबरं. कुणी आवाज करत नाही.

"मी मेल्यावर पण खेळ चालू होता," हे म्हणतात. "ते तुला कुणी सांगितलं नसेल."

नव्हतं सांगितलं. मी दिवेलागणीला पोचले तेव्हा ते मागच्या कापडाआड होते, अंगावर सतरंजी, आणि पोशाख अजून तसाच. हूक मी काढले. आप्पाशेठ म्हणाला, आताच गेला, एकाएकी गेला. वर हळद का आहे हे मी विचारलं नाही. मला वाटलं कुणीतरी चांगल्या मनानं वाहिली.

माझ्या पुढं एक पोर आहे. वेणीत सुकलेला गजरा. ती वाकते, सगळ्या वाकल्या तशी, आणि लोंबकळणाऱ्या हाताला तिचा हात लागतो. ती तो हात सोडत नाही. वर बघते.

"आई, ह्याला काहीतरी झालंय. ह्याचा श्वास चालू नाही."

"गप."

"आई, हा मेलाय."

"तुझ्या जिभेला हाड हाय का?" आई तिला मागं खेचते. "आधीच मंगळ, त्यात असलं अभद्र बोलती. चल!"

ती पोर मागं वळून वळून बघत जाते. तंबूचं दार तिच्यामागं पडतं.

"एवढ्या जत्रेत तिला एकटीला कळलं," हे म्हणतात.

"कोण होती?"

"काय माहीत. नाव विचारायचं राहिलं. मी मेलो होतो."

ते हे विनोदानं म्हणतात, पण मला हसू येत नाही. इतकी वर्षं विचारायचं होतं ते तोंडावर येतं. दीर म्हणाले होते, जाऊबाई म्हणाली होती, तेराव्याला जेवायला बसलेल्या सगळ्या बायका ताटांवरून म्हणाल्या होत्या. ह्यांच्या वडिलांनीच मग पत्रिकेचं कबूल केलं, आणि लोकांना तेवढंच हवं होतं. त्याचा मंगळ खोटा होता, हिचा खरा. खाल्लं हिनं नवऱ्याला. मी इथं मशीन घालेपर्यंत, सुनंदा शाळेला लागेपर्यंत, आम्ही मायलेकी सासरच्या त्याच घरात राहिलो. माझी पोर त्या घरात बोलायला शिकली. ते वाक्य तिनं घोटून घेतलं.

"अहो, मी खाल्लं का तुम्हाला?"

ते एकदम चिडतात. कपाळाची शीर उठते.

"मला आप्पाशेठनं मारलं. उन्हानं मारलं, रेक्झिननं मारलं. पाणी मागितल्यावर हसले त्या लोकांनी मारलं. आणि नाव कुणाचं? वर एक तांबडा ठिपका आहे त्याचं! त्याला आम्ही माहीतसुद्धा नाही. माझं मरण पण मला धड मिळालं नाही, शालन. ते पण पत्रिकेत घातलं."

"मी सगळ्यांना सांगितलं."

"आणि?"

"नवऱ्याला खाल्लेली बाई असंच म्हणणार, म्हणाले."

ते चालायला लागतात. मी मागून जाते, आणि आता माझे पाय चालतात. तंबू नाही. पाळणे नाहीत. जत्रा उठलीय. तांबडी माती लांबवर गेलीय आणि तिच्यावर दगड, चुलींचे दगड असतील, सगळीकडं विखुरलेले. आभाळाचा रंग मळक्या फडक्यासारखा. वारा आहे पण कुठं काही हलत नाही. असं मैदान मी शंभरदा बघितलंय, दुसऱ्या दिवशी सकाळी, ट्रकमध्ये बसताना. असा फोटोही एकदा बघितलाय.

"हे कुठलं गाव?"

"गाव नाही हे. इथं कुणी नाही," ते म्हणतात. "मला इथं बरं वाटतं. कुणी बघत नाही."

खूप उंचावरून काहीतरी बारीक चमकत जातं. आम्ही दोघं मान वर करून बघतो.

"तुमचं यान," ते म्हणतात. "सकाळी पोचलं. फोटो काढतंय. आपण नाही दिसणार त्यात."

"सुनंदाच्या स्वप्नात जा ना एकदा. तिला सांगा तुम्ही. तुमचं ऐकेल."

"गेलो होतो. ती रामरक्षा म्हणायला लागली." ते पायानं एक दगड लोटतात. "तिला बाप आठवत नाही. तिला वाटलं कुणाचं तरी मेलेलं पोर आलंय."

मी खाली बसते. मातीत, गुडघ्यावर. आता त्यांचं तोंड माझ्या तोंडासमोर आहे.

"कल्याणीचं मडक्याशी लग्न लावणार आहेत."

"ऐकलं मी. काल पानापाशी होतो तेव्हाच सुनंदा त्या गुरुजीशी फोनवर बोलत होती. तासगावचं कळायच्या आधी." ते नख कुरतडतात. ती सवय गेलेली नाही. "तुझ्या माणसांनी मला तरी कशाला आणलं होतं? तुझ्या मंगळापुढं काहीतरी उभं करायचं होतं. फुटलं तर फुटलं. धड माणूस तर नाहीच."

"मी तसं कधी मनात..."

"तू नाही. म्हणून तर येतो." ते माझ्या डोक्यावर हात ठेवतात. हात गरम आहे, उन्हात तापलेल्या भांड्यासारखा. "पण फुटलो तो मीच ना."

मी त्यांचा हात डोक्यावरून काढून दोन्ही हातांत धरते.

दगडांच्या पलीकडं एक हातगाडी उभी आहे. आधी नव्हती. माणूस नाही, नुसती गाडी, वर शेवेचे, फुटाण्यांचे ढीग, वर्तमानपत्रानं झाकलेले. हे टाचा उंचावून हात घालतात आणि मूठभर रेवड्या काढतात.

"एवढ्या जत्रा केल्या, पण रेवडी कधी खाल्ली नाही," ते म्हणतात. "मंगळावरचा माणूस रेवडी खाताना दिसला तर तिकीट कोण काढील, म्हणायचा आप्पाशेठ. मी तंबूत बसून वास घ्यायचो. घे."

"माझे दात राहिलेत कुठं."

"घे गं. कुणाबरोबर तरी खायची होती."

मी घेते. आम्ही दोघं मैदानात उभे राहून रेवडी खातो, जत्रेतली माणसं खातात तशी, तोंड हलवत, इकडंतिकडं बघत. तीळगूळ दाताला चिकटतो. ते मिटल्या डोळ्यांनी चावतायत. त्यांना इतकं सावकाश खाताना मी कधी बघितलं नाही, नेहमी पुढच्या खेळाची घाई.

"नलशा," ते म्हणतात.

मी ओ द्यायला तोंड उघडते, तर दाराची कडी वाजते.

चहा घेऊन सुनंदा उभी आहे. पंखा फिरतोय. बाहेर टीव्हीवर अजून टाळ्या चालल्यात. माझा गाल चटईच्या विणीवर दाबला गेलाय.

"गुरुजी परवा येतो म्हणालेत," ती म्हणते. "इथंच करू. सांगलीत शेजारी बघतात."

मी उठून बसते. पदर सावरते. "ह्या घरात मडकं फुटणार नाही."

"आई, पुन्हा नको."

"तुझ्या वडलांना पाणी दिलं नाही कुणी. तंबूत उकडून मेले ते. मेल्यावरही त्यांना तसंच खुर्चीवर बसवून लोकांना दाखवलं."

"हे नवीन काढलंस आता?"

"नवीन नाही. मला आज कळलं."

"आज? कुणी सांगितलं?" मी काही बोलत नाही, आणि त्यावरून ती समजते. कप खाली ठेवते. चहा बशीत सांडतो. "तुला स्वप्नं पडतात आणि मी आयुष्यभर बापाशिवाय काढलं. तुझ्या मंगळानं माझे बाबा नेले. माझ्या पोरीचं तरी धड होऊ दे."

इतकी वर्षं हे तिच्या पोटात होतं. मला माहीत होतं. तिच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं.

कल्याणी सुनंदाच्या मागं दारात आहे. तिनं सगळं ऐकलंय. तिचा चेहरा उतरलाय.

"आई, काय बोललीस तू हे आजीला?"

"तू मध्ये पडू नकोस."

"मी मडकंबिडकं काही फोडणार नाही. तासगावला कळव. नाहीतर मी कळवते."

सुनंदा तिच्याकडं बघते, मग माझ्याकडं. "झालं मनासारखं? आता ही पण बसेल." ती बाहेर जाते. टीव्ही बंद होतो. तिची पिशवी भरल्याचा आवाज येतो, मग चपलांचा, मग फाटकाचा. कल्याणी दोन पावलं तिच्यामागं जाते, परत येते आणि माझ्यासमोर भिंतीला टेकून बसते. ती रडत नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

माझ्या मागच्या उरलेल्या दाढेत काहीतरी टोचतंय. जिभेनं सुटत नाही. मी बोट घालून काढते.

पांढरा तीळ आहे. त्याला गुळाचा काळा कण चिकटलाय. काल पानाला होते ते काळे, पांढरा तीळ संक्रांतीपासून ह्या घरात आलेला नाही.

मी तो पुन्हा जिभेवर ठेवते आणि चावते. खवट आहे. फार दिवसांचा असावा. कडूपणा पार घशापर्यंत उतरतो.

"काय झालं आजी?" कल्याणी विचारते.

मी तो गिळते.